तुराटीनं शिवायचं

"ही तुराटी घे. हिनं शिवायचं. हात लावायचा नाही."

ड्रिल मास्तरांनी तुरीची वाळलेली काडी माझ्या हातात दिली नाही, पुढ्यात टाकली. मी वाकून ती मातीतून उचलली. सगळा वर्ग मैदानात उभा होता. मधली रेघ आखलेली, दोन्हीकडं गडी वाटून झालेले. मी कुठल्याच बाजूला नव्हतो. शेवटी मास्तरांनी मला एका बाजूला घातलं, कारण वरून हुकूम होता. खेळाचा तास सगळ्यांना लागू. हैदराबादेहून आलेला कागद, मास्तरांचा इलाज नव्हता.

हुतुतूत शिवावं लागतं. शिवल्याशिवाय हुतुतू होत नाही. आणि महाराच्या पोरानं शिवायचं तर समोरच्याला विटाळ. म्हणून ही तोड काढली. आधी मास्तरांनी लिंबाची फांदी मोडली होती. पण देशमुखाचा वसंता पुढं आला. तो शाळेच्या संघाचा कप्तान, खेळाच्या तासाला माझ्या समोरच्या बाजूचा. म्हणाला, "मास्तर, ती वल्ली हाय. वल्ल्यातनं इटाळ येतो. वाळकं द्या." मास्तरांनी मान डोलावली. एवढा मोठा विचार त्या दोघांनी मिळून केला, आणि बाकीची पोरं अशी ऐकत होती की जणू गणिताचा धडा चाललाय.

तर तुराटी. तिला सालपट नाही, बळ नाही. जरा जोरात लावली की मोडते. समोरच्याला लागायच्या आत मोडली तर मी बाद. हाही नियम मास्तरांनीच केला.

आणि मला बाद कसं करायचं? मला धरायचं तर नव्हतं. त्याचीही तोड निघाली. ढेकूळ मारायचं. मी त्यांच्या अंगणात हुतुतू घालत शिरलो की समोरचे गडी हातात ढेकळं घेऊन मागं सरकायचे आणि मारायचे. अंगाला लागलं की मी धरला गेलो असं समजायचं. आमच्याकडची काळी माती. उन्हाळ्यात तिचं ढेकूळ दगडाच्या तोडीचं होतं. एकदा कानामागं बसलं. गळ्यावरून रक्त आलं. मास्तर लांबूनच म्हणाले, "बाद."

बस, एवढंच. बाद.

आता जी गोष्ट सांगतो तिची मला सगळ्यात जास्त किळस येते. मला तो खेळ आवडायचा. ढेकळं चुकवत मी इतका चपळ झालो की वसंताला माझ्या जवळपास येता येत नव्हतं. दम असा पुरायचा की समोरचे ढेकळं मारून दमायचे, मी थांबत नव्हतो. तुराटीचं टोक अलगद, मोडू न देता, पाठीला, पोटरीला लावून मी परत यायचो. कधी कधी पोरं टाळ्या वाजवायची. मी खूश व्हायचो. कुत्र्याला भाकरी फेकावी आणि त्यानं शेपूट हलवावी, तसा.

नववीत होतो तेव्हा जिल्ह्याचे सामने ठरले. धाराशिवला. तालुक्या-तालुक्याच्या शाळांचे संघ येणार होते. मास्तरांनी वर्गात नियम वाचून दाखवले. कागद उर्दूत होता, ते मराठीत सांगत होते. खेळाडूची हजेरी पुरी पाहिजे. मागल्या इम्तिहानात पास पाहिजे. वय ठरलेल्या मर्यादेत पाहिजे. चालचलन चांगलं पाहिजे. प्रत्येक नियमाला मी मनात हो म्हणत होतो. माझी हजेरी पुरी होती. ताप अंगात घेऊन मी शाळेत आलो होतो. पास होतो. वसंता गणितात लटकला होता, त्याला वरच्या वर्गात ढकललेला. मी सगळ्या नियमांत बसत होतो.

मी उभा राहिलो. "मास्तर, माझं नाव घाला."

मास्तरांनी कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "खेळाडूच्या हातात कसलीही वस्तू नसावी, असा नियम आहे. तू तर तुराटीनं खेळतोस."

"मी तुराटी टाकतो."

"मग शिवणार कशानं?"

वर्ग हसला. वसंता बाक बडवून हसला. मास्तरही हसले, पण तोंडावर हात ठेवून. मी खाली बसलो. त्यांनीच तुराटी दिली, आणि त्यांच्याच तुराटीनं मला बाहेर काढलं.

मी सदर साहेबांकडं गेलो. म्हणजे आमचे हेडमास्तर. हैदराबादेकडचे, स्वच्छ शेरवानी, अत्तराचा वास. ते विटाळ मानत नव्हते. माझी वही हातात घेऊन तपासायचे. मला वाटलं, हा माणूस सांगेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कायदे से तो तू लायक है. मगर ये तुम लोगों का आपस का मामला है. मैं बीच में नहीं पडता."

लायक है. मगर. मी त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा मला वसंतापेक्षा त्या माणसाचा जास्त राग आला. वसंता तरी खुलेआम ढेकूळ मारत होता.

दोन दिवसांनी मास्तरांनी बोलावलं. "धाराशिवला येतोस का? सामान आहे. ट्रंक, पाण्याची भांडी, रेघा आखायची फक्की. गडी लागेल."

घरी आईला सांगितलं. तिला वाटलं मी खेळायला चाललोय. मी खरं सांगितलं तरी तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जर्मनच्या लढाईचे दिवस, कापड मिळत नव्हतं. तिनं बापाच्या जुन्या धोतराची चड्डी शिवली, दुहेरी करून, आरपार दिसू नये म्हणून. म्हणाली, "घेऊन जा संगं. येळ सांगून येत न्हाय." मी चिडलो. तरी ती चड्डी गाठोड्यात घातली. आशा किती निर्लज्ज असते ते मला तेव्हा कळलं.

संघ बैलगाडीत बसला. मी गाडीमागून चाललो. ट्रंक गाडीत होती, तिच्याजवळ बसता येत नव्हतं, पण उतरवायची मी. भांडी मात्र मी उचलायची नव्हती, ती वसंताच उचलणार. मग एका ट्रंकेसाठी मला गडी म्हणून आणलं कशाला, हे मी विचारलं नाही. तेरणा नदी ओलांडताना गाडी रुतली तेव्हा कळलं. मागून चाक ढकलायला मी लागत होतो. चाकाला विटाळ होत नव्हता.

धाराशिवच्या मैदानात तालुक्या-तालुक्याची पोरं होती. कुणाची बोली कानडी वळणाची, कुणाची उर्दू मिसळलेली. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. एका पोरानं माझ्या खांद्याला धरून विचारलं, "पाणी कुठं हाय रं?" धरून. हातानं. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्याला पाणी दाखवलं. तो गेला. माझा खांदा कितीतरी वेळ मला वेगळा जाणवत होता.

आमचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. समोर परंड्याकडचा संघ, दांडगी पोरं. मी बाहेर ट्रंकेवर बसून पाहत होतो. पहिल्या डावातच आमचा एक गडी, गणपत शिंदे, पाय मुरगळून पडला. त्याला उचलून बाहेर आणला. पाय सुजून टम्म झालेला. आमच्याकडं राखीव पोरगा एकच होता, त्याला आदल्या दिवसापासून जुलाब. एक गडी कमी पडला.

मास्तर माझ्याकडं आले. मागं वसंता.

"चड्डी आणलीस का?"

"आणली."

"घाल. नाव विचारलं तर गणपत शिंदे सांग. पहिल्या डावात पंचांनी नावं विचारली नव्हती, फक्त डोकी मोजली. आता विचारतील, पण गणपत कोण हे त्यांना ठाऊक नाही."

माझ्या तोंडातून एकच गोष्ट निघाली. "आन तुराटी?"

"आता कशाला तुराटी?" मास्तर चिडून म्हणाले. "वेळ नाही."

"मंग इटाळ?"

वसंता हसला. त्या दिवशीचं वर्गातलंच ते हसणं. "त्यो त्येंला व्हईल की. आपल्याला काय? त्येंला कुठं ठावं हाय?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. माझ्या लहानपणापासून मला सांगितलं होतं की विटाळ म्हणजे देवाचा नियम. माझ्या आईनं त्या नियमापायी भर उन्हात विहिरीवर कुणीतरी घागर ओतेपर्यंत वाट पाहिली. माझ्या कानामागं त्या नियमाचा व्रण आहे. आणि इथं हा देशमुखाचा पोरगा, ओल्या-वाळक्याचा हिशेब करणारा, समोरच्या सात घरच्या पोरांना न सांगता बाटवायला तयार होता. बक्षिसाच्या एका ढालीसाठी. स्वतःचाच देव असा विकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मला ओकारी आली. खरंच आली. मी ट्रंकेमागं जाऊन थुंकलो.

तरी मी चड्डी घातली. खोटं सांगत नाही. मला खेळायचं होतं. ते मैदान, ती फक्कीची रेघ, हातात काही नसलेले माझे दोन्ही हात. मला एकदा तरी कुणाला तरी धरायचं होतं, आणि कुणीतरी मला धरावं असं वाटत होतं. मी रेघेपाशी गेलो. आमचे गडी मला जागा द्यायला सरकले. वसंतानं तर साखळीसाठी हात पुढं केला.

पंच म्हातारे होते, फेटा बांधलेले. त्यांनी विचारलं, "बदली गडी का? नाव?"

गणपत शिंदे. एवढंच म्हणायचं होतं. ते नाव जिभेवर आलंही होतं. पण मला दिसलं की मी जिंकलो तर गणपत शिंदे जिंकणार. ढाल त्याच्या नावावर. टाळ्या त्याला. आणि उद्या शाळेत माझ्यापुढं परत तुराटी टाकली जाणार.

मी माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. मग जात सांगितली. मोठ्यानं, परंड्याच्या शेवटच्या पोरालाही ऐकू जाईल असं.

परंड्याची पोरं मागं सरकली. त्यांत तो पाणी विचारणाराही होता. तो आपल्या हाताकडं पाहत होता.

मास्तर धावत आले. पंचांना म्हणाले, "हा आमचा विद्यार्थी नाही. सामानाचा गडी आहे. कसा घुसला कोण जाणे."

हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. ढेकूळ मी विसरेन. हे नाही. माझी हजेरी ज्या माणसानं रोज घेतली, त्यानं सगळ्या जिल्ह्यासमोर मला विद्यार्थीच नाही म्हटलं.

मी पंचांना म्हणालो, "म्या नववीत हाय. मागल्या परीक्षेत पास हाय. येंला इचारा." आणि संघाकडं बोट केलं. वर्षानुवर्षं एका वर्गात बसलेली पोरं. एकानंही वर पाहिलं नाही. वसंता पायानं फक्की पुसत होता.

पंचांनी हातानं मला बाहेर जायची खूण केली, माशी हाकलावी तशी. आमचा संघ एक गडी कमी घेऊन खेळला आणि हरला. परतताना मी गाडीमागून चाललो नाही. वेगळ्या वाटेनं आलो. तेरणेत गाडी परत रुतली असेल तर त्यांची त्यांनी काढली असेल.

घरी आईनं विचारलं, "खेळलास का?"

"न्हाय."

"मंग चड्डी का मळली?"

मी सगळं सांगितलं. तिनं चूल फुंकली. मग म्हणाली, "घ्यायचं व्हतं की त्येचं नाव. कुणाला कळलं असतं?"

"मला," मी म्हणालो.

पुढच्या खेळाच्या तासाला मास्तरांनी परत काडी टाकली. मी उचलली नाही. ते म्हणाले, "गैरहजर लिहीन. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही." मी म्हणालो, "लिहा." त्यांनी लिहिलं. मी रेघेपाशी उभा राहिलो, तास संपेपर्यंत. पुढच्या तासालाही. कुणी माझ्याकडं पाहत नव्हतं, पण कुणाचं खेळण्यात लक्षही लागत नव्हतं. त्या वर्षी मला परीक्षेला बसू दिलं नाही. नववी मी पुन्हा काढली. गैरहजर म्हणून, रोज हजर राहून.

निजाम गेला. शेरवानी गेली. शाळेची पाटी बदलली. वसंता पुढारी झाला, आणि भाषणात म्हणतो की आम्ही सगळे एका मैदानात खेळलो. ते ऐकलं की मला अजून तीच ओकारी येते.

नोकरीत, शहरात, भाड्याची खोली बघताना कितीतरी भल्या माणसांनी मला तोच सल्ला दिला. आडनाव बदला, शिंदे लावा, कोण विचारतंय. मी प्रत्येक वेळी नाव पूर्ण सांगितलं. खोल्या गेल्या. एक नोकरी गेली. माझी पोरंही वैतागली. त्यांना मी एवढंच सांगितलंय. नाव विचारलं की सगळं सांगायचं, बापासकट, जातीसकट. समोरचा मागं सरकला तर सरकू द्यायचा. आपण रेघ सोडायची नाही. आणि कुणी म्हणाला की दुसऱ्याचं नाव घे, मग तू चालशील, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं. मी म्हटलंय. अजून म्हणतो.