सतरा नंबरची मुलं

पालकांना पटवण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कोणी नव्हतं. मुख्याध्यापक स्वतः म्हणायचे, "हे काम बाईंचं. बाई गोड बोलतात." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

काम असं होतं. संगमेश्वर तालुक्यात, हायवेपासून बरंच आत आमची शाळा. दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. जून आला की फाट्यावर फ्लेक्स लागायचा, त्यावर पास झालेल्या मुलांचे फोटो. आता सगळीच्या सगळी मुलं पास कशी होतात? सोपं आहे. जी नापास होतील असं वाटतं त्यांना दहावीत घ्यायचंच नाही. नववीला ढकलून पास करायचं, हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि सांगायचं, बाहेरून बस, सतरा नंबरचा फॉर्म भर. परीक्षा तीच, पेपर तेच, फक्त मूल आमचं नाही. पास झालं तर देवाची कृपा, नापास झालं तर आमच्या निकालाला डाग नाही.

हे पालकांच्या गळी उतरवायचं काम माझं. मी गणित शिकवायचे आणि मुलं अडायची ती बहुतेक गणितातच. "घरी राहून निवांत अभ्यास करील हो, शाळेचं टेन्शन नको तिला," असं मी म्हणायचे. मुलांचे वडील मुंबईला, घरी आया. त्या मान डोलवायच्या. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

एका वर्षी बाहेर बसवायच्या मुलांच्या यादीत एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची. फळ्याजवळ बोलावलं की खडू हातात धरून नुसती उभी. "अगं, तोंड आहे का नाही तुला?" यापलीकडे दोन वर्षांत मी तिला काय शिकवलं, देव जाणे. तिला नर्स व्हायचं होतं. वडिलांनी मुंबईहून कळवलं होतं, दहावी झाली तर पुढे शिकवू, नाही तर आत्याचं बाळ सांभाळायला इकडे पाठवा. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका गणिताच्या पेपरावर अडलेलं, आणि त्याची तयारी जिथे व्हायची ती शाळाच मी तिच्याकडून काढून घेत होते. हे आज लिहिता येतं. तेव्हा डोक्यातही आलं नाही.

फॉर्मवर तिच्या आईची सही राहिली होती. मुदत संपत आलेली, आणि आई काही शाळेत येईना. जुलै महिना, भाताची लावणी चालू, येणार कशी? मीच गेले. शहरातल्या माझ्या मांडवीच्या घरून निघताना कडक इस्त्रीची साडी नेसले होते, हे मुद्दाम सांगते.

मायलेकी खाचरात वाकलेल्या. आई म्हणाली, "सही करीन वो बाई, पन हात बगा कसं हायत. येवडा खाचर होवदे." खाचर काही लहान नव्हतं. मी बांधावर छत्री धरून उभी. तासभर तरी झाला असेल. शेवटी ती मुलगी, जिचा आवाज मी वर्गात कधी धड ऐकला नव्हता, ती म्हणाली, "बाई, उतरा खाली. तिगी लागलाव तं लवकर व्हईल."

उतरले. खरं सांगते, रागानेच उतरले. म्हटलं, बघूया, त्यात काय एवढं! बी.एड. झालेली बाई मी.

मुलीने मला तिच्या आणि आईच्या मध्ये घेतलं. कमरेत वाकायचं, मुठीतली दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठ्याने चिखलात दाबायची आणि मागे सरकायचं. इतकंच. पण माझी रोपं दाबलीच जाईनात, तरंगून वर यायची. मी वाट बघत होते, आता कोणीतरी काहीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. डावीकडून आईचा हात यायचा, उजवीकडून मुलीचा, आणि माझ्या वाट्याची जागा भरून जायचा. तरंगलेलं रोप मुलगी जाता जाता दाबून टाकायची. मला उरायची मधली वीतभर जागा, तेवढीच मी लावायची. ओळ मात्र तिघींची सरळ चालली होती. मग कधीतरी लक्षात आलं की दोन्हीकडचे हात कमी येताहेत. माझी जागा हातभर झाली होती, आणि रोपं उभी होती!

खाचर संपल्यावर मी विचारलं, "अगं, माझं चुकत होतं ते सांगायचं नाही का?"

"सांगाया लागलं का मानूस उबा ऱ्हातो बाई. मंग वाकतच नाय." असं म्हणून ती हसली, आणि आईने तिला दटावलं, "बाईंशी असा बोलतात काय गो?"

सही घेऊन निघाले. एसटीत कंडक्टर माझी साडी बघून म्हणाला, "काय बाई, आज चिखलाचा तास होता काय?" मी त्याच्यावर खेकसले. कंबर आठ दिवस धरून होती, पण मला टोचत होतं ते वेगळंच. वीस-बावीस वर्षं मी मुलांसमोर उभी राहत आले होते, कोणाचं काय चुकतं ते टिपायला. चूक दिसली की लाल पेन. मुलांबरोबर वाकले कधी होते?

फॉर्म भरला गेला. ते मी थांबवलं नाही, तेवढी हिंमत कुठली? पण रविवारी परत गेले. गावातली सतरा नंबरवाली पाचही मुलं देवळाच्या सभामंडपात गोळा केली. पहिले दोन रविवार नुसती फजिती. जित्याची खोड, मी उभी राहून फडाफडा बोलायचे आणि मुलं खांबाला टेकून पेंगायची. तिसऱ्या रविवारी सतरंजीवर त्यांच्या रांगेत बसले. एक वही, तिघं जण. समीकरणाच्या पहिल्या पायऱ्या मी आणि ज्याला जमतंय असं एखादं मूल करणार, मधल्याच्या वाट्याला फक्त शेवटची ओळ, साधी वजाबाकी. ती कोणालाही येते. पुढच्या रविवारी शेवटच्या दोन ओळी. मग तीन. चुकलं तर शेजारच्याने नीट करून पुढे जायचं, त्यावर भाषण नाही. लाल पेन मी घरी ठेवलं.

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलंच. "बाई, हा काय नसता उद्योग? आपल्या मुलांकडे लक्ष द्या." ही पाचही काल-परवापर्यंत आपलीच होती. मी "हो सर" म्हटलं आणि रविवारी पुन्हा देवळात जाऊन बसले.

दिवाळीनंतर ती मुलगी अख्खं उदाहरण एकटीने सोडवायला लागली. परीक्षेच्या आधी एकदा मीच चिन्ह चुकवलं, तर तिने न बोलता ते खोडलं, बरोबर केलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली. मला इतका आनंद झाला की उगाचच उठून बाहेर गेले आणि पाणी पिऊन आले.

पास झाली. पाचांतल्या एकाचं इंग्रजी राहिलं, बाकी सगळी सुटली. मायलेकी पेढे घेऊन मांडवीला घरी आल्या. फाट्यावर फ्लेक्स लागलेलाच होता, शंभर टक्क्यांचा. एसटीतून येताना दोघींनी तो बघितला असणार.

चहा झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाई, येक विचारू? देवलात शिकवलात तसा वर्गात का नाय शिकवलात?"

आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. माझ्याकडे उत्तरं रग्गड होती. साठ मुलं, पोर्शन, तपासण्या. सगळी खरी. पण माझ्या पर्समध्ये यंदाची यादी होती. सकाळीच हातात पडली होती, सात नावं, सोमवारपासून घरोघर जायचं. त्यात तिच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. आणि ते वाचूनही मी निर्लज्जासारखी कागदाची घडी करून आत ठेवली होती. इतकी लाज वाटली की पोरीकडे बघवेना.

मी तिच्या आईकडे वळले. म्हटलं, "हे बघा, धाकटीला बाहेरून बसवा म्हणून शाळेतून कोणी आलं ना, तर ऐकू नका. कितीही समजावलं तरी दाखला घ्यायचा नाही, सही करायची नाही."

"अगो बाय! कोन येनार हाय?" तिने घाबरून विचारलं.

"मी," म्हटलं.