उपाशी आजींची तक्रार

त्या आजी अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. सोलापुरात ठाण्याचा प्रभारी होतो तेव्हाची गोष्ट. सकाळची हजेरी आटोपत होती तोच फोन वाजला. "साहेब, त्या वृद्धाश्रमात एका आजीला उपाशी मारायलेत. येऊन बघा की." नाव न सांगता माणसाने फोन ठेवला. निनावी तक्रारी बहुतेक खुन्नस काढायला येतात. तरी स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो.

तक्रार खरी निघाली. खाटेवरच्या आजी वाळून गेल्या होत्या. आश्रमात येऊन सहा दिवस झाले होते आणि पोटात चार चमचे पेजेपलीकडे काही गेलं नव्हतं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवत, हात गळ्याकडे नेत. आश्रमाच्या नोंदवहीत लिहिलं होतं, 'गिळायला त्रास'. त्यांना लगेच सरकारी दवाखान्यात हलवलं आणि सोबत एक महिला शिपाई ठेवली.

मी मुळात तापट. आजींना सांभाळणाऱ्या बाईंना ठाण्यात बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. "जेवण कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं?" त्या रडत एकच सांगत होत्या, "साहेब, वाटी घेऊन मी तासन्‌तास बसत होते." मला ते सगळं नाटक वाटलं.

मग परवाना मागवला. समाजकल्याणच्या अधिकाऱ्यांनी समजावलं, तेव्हा कुठे मला कळलं की हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांच्या आश्रमाची परवानगी वेगळी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषागृहाची वेगळी आणि स्मृती गेलेल्यांना ठेवायचं तर नोंदणीही वेगळी, शिकलेली माणसंही वेगळी. इथली परवानगी पहिल्या प्रकारची होती. आजींची स्मृती तर कधीच गेली होती. तरी मुलाने अर्जात 'काही आजार नाही' असं लिहून सही केली होती.

मुलगा अक्कलकोटजवळच्या दुधनी गावचा व्यापारी. मान खाली घालून म्हणाला, "खरं लिवलं असतं तर हितं घेतलं नसतं. दुसरीकडं ठेवली तर लोक म्हणणार, आईला येड्यांत टाकलं."

उलगडा केला तो त्या महिला शिपायाने. ती अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी लिंगायत घरातली. दवाखान्यातून तिचा फोन आला. "सर, आजी आमच्यातल्याच, लिंगायत. आमच्यात इष्टलिंग जन्मभर गळ्यात असतंय, आजींच्या गळ्यात ते न्हाय. त्याची पूजा झाल्याबिगर त्या घास घ्यायच्या न्हाईत."

मी बाईंना विचारलं. त्यांचा चेहराच उतरला. पूर्वी एका आजींच्या गळ्यातला दोरा खाटेच्या गजात अडकला होता. तेव्हापासून आल्या दिवशीच सगळ्यांच्या गळ्यातलं काढून, नाव घालून पाकिटात ठेवायचा नियम होता. नियम काळजीपोटीच केलेला. आजींना सांगता येत नव्हतं आणि मुलाने सांगितलं नव्हतं.

पाकीट घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो, बाईही आल्या. शिपायाने आजींचा हात धुऊन तळव्यावर लिंग ठेवलं. त्या बराच वेळ ओठ हलवत राहिल्या. मग आपणहून तोंड उघडलं. बाईंनी दूधभात भरवला, चार घास गेले. तिसऱ्या दिवशी आजी वारल्या. फार उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले.

मुलाने मला एवढंच विचारलं, "साहेब, आई जेवली का?" जेवली, म्हणालो. तो भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

आश्रमावर आणि मुलावर कायद्याने व्हायची ती कारवाई झाली. पण 'कोणी केलं' हे विचारण्यातच माझी सगळी नोकरी सरली. त्या आजींना काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नाही. लिंगायतांच्या घरी इतकी वर्षं पंगतीला बसलो, तरी तो मोकळा गळा मला दिसला नाही. आणि त्या बाईंची माफी मागायला हवी होती. अंगावर वर्दी होती, म्हणून मागितली नाही.