फवारणीचा सदरा

रोहिणी मगदूम सिस्टरांचा आवाज असा, की कसबा बावड्यात त्यांनी घरातून हाक मारली तर कारखान्याचा भोंगाही गप्प बसावा. जन्मभर बाळंतपणं केली. आता त्यांच्याकडं नव्या नर्सांना आणि आशाताईंना शिकवायचं काम आलं होतं: गरोदर बाईला आणि अंगावर पाजणारीला कशाकशापासून जपायचं. चुलीचा धूर, मिश्री आणि शेतातली औषधं.

"फवारणी करता का, असं इचारू नका," हातकणंगल्याच्या वर्गात त्या दरडावत होत्या. "बाई न्हाईच म्हणणार. पंप नवऱ्याच्या पाठीवर असतोय. फवारणीचे कपडे कोण धुतंय, ते इचारा. औषध तिथनं हाताला लागतंय, हातातनं बाळाला. आणि भ्या घालून अंगावरचं तोडायला लावू नका. दूध तोडायचं न्हाय, इष तोडायचं!"

मागच्या बाकावरून तानाबाई उठली. आशाताईंतली सगळ्यात फटकळ.

"सिस्टर, तुमच्या घरात कोण धुतंय?"

वर्ग खो खो हसला. सिस्टरही हसायला गेल्या आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. उसाला औषध मारायचे त्यांचे यजमान शांतिनाथ. कपडे धुवायची सून आदिती. आणि आदितीच्या पदराखाली तान्हा नातू, अनेकांत. सासऱ्याच्या कपड्यांना सुनेनं नको म्हणायचं नाही, ही रीत घरात सिस्टरांनीच घातलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एसटीत बसल्यावर त्यांना स्वतःचाच संताप आला.

घरी आल्या तर आदिती परसात, हातात सासऱ्यांचा सकाळच्या फवारणीचा सदरा.

"सोड ते! हात साबणानं धू, कपडे बदल, मगच बाळाला घे."

"आत्या, मग मामांचे कपडे मामांनी धुवायचे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की." कट्ट्यावर चहा पीत बसलेल्या शांतिनाथांपुढं सिस्टर जाऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"मी आजवर रुमाल धुतलेला न्हाय," शांतिनाथ म्हणाले. मग आत पाळण्यात हातपाय झाडणाऱ्या नातवाकडं त्यांची नजर गेली. कपबशी खाली ठेवून ते उठले.

सिस्टरांनी रबरी हातमोजे दिले, बादली वेगळी काढली. शांतिनाथांनी सदरा दगडावर धाडकन आपटला.

"आपटू नका, शिंतोडे उडत्यात!"

इतक्यात शेजारचे मल्लाप्पा पाठीवर पंप घेऊन रानातून आले आणि कुंपणाशी थबकले. "काय शांतिनाथ, वैनी माहेरला गेल्यात व्हय?"

शांतिनाथांनी मानसुद्धा वर केली नाही. "न्हाय. नातू अंगावर पितोय."

मल्लाप्पा मोठ्यानं हसले. सिस्टरांनी त्यांनाही दोन वाक्यांत सगळं सुनावलं, तसं त्यांचं हसू ओसरलं. त्यांची लेक विद्याश्री पहिल्या बाळंतपणाला कालच माहेरी आली होती, आणि आल्या आल्या तिनं बापाचे कपडे धुवायला घेतले होते. त्यांनी अंगातल्या, औषधानं भिजलेल्या सदऱ्याकडं पाहिलं, पंप खाली उतरवला.

"तुझं झालं की ते हातमोजे दे इकडं," ते म्हणाले.