उघडं राहणारं गाईड

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला एकदाच बसू देईन, मग लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून वर्ध्याच्या पुस्तकांच्या दुकानात मी पारखून पारखून गाईड निवडत होते.

शेजारी अल्लीपूरहून आलेले, धोतर-टोपीतले एक काका त्याच परीक्षेची गाईडं पाहत होते. प्रत्येक गाईड काउंटरवर मधोमध उघडायचे, हात काढून घ्यायचे आणि थांबायचे. ते आपोआप मिटलं की बाजूला सारायचे.

दुकानदार वैतागला. "काका, आतलं वाचून पाहा नं! हे काय करून राह्यले?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनेसाठी पाह्यजे, बाई. सैपाक करता करता वाचते. दोनई हात पिठात राह्यते. पुस्तक धरून कोन बसन?"

शेवटी सैल शिवणीचं एक जुनं गाईड उघडलं, ते उघडंच राहिलं. काका टोपी सारखी करत लहान मुलासारखे हसले.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. परीक्षेच्या दिवशी मात्र हॉलमधल्या प्रत्येक बाईच्या नखांत मी वाळलेलं पीठ शोधत होते.