अठ्ठावीस दिवसांचा क्यूब

काँक्रीटच्या लॅबमध्ये नोकरी करते म्हटलं की लोकांना माझी कीव येते. अहो, आमच्याकडे सिमेंटपेक्षा किस्सेच जास्त साठतात! मी मूळची वसईची, दोह्याजवळच्या एका प्लांटमध्ये टेस्ट रिपोर्ट टाइप करते. सध्या फक्त अठ्ठावीस दिवसांतले सांगते. आमचा टेक्निशियन सुभाष लातूरकडचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मॅनेजर कुरियनसाहेब म्हणाले, "समैस्मा व्हिला का क्यूब पास, फिर लीव्ह."

समैस्मा हे दोह्याबाहेरचं गाव आणि क्यूब म्हणजे तिथल्या बंगल्याच्या स्लॅबच्याच काँक्रीटचा ठोकळा. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचा. लग्न होतं तिसाव्या दिवशी.

*

उन्हाळ्यात आम्ही काँक्रीटमध्ये बर्फ घालतो, कारण तापलं की ते बिघडतं. ओतल्यावर त्याला ओलं गोणपाट पांघरायचं, आठवडाभर पाणी शिंपडायचं. घाम पुसत सुभाष म्हणाला, "ताई, बाळंतिणीचं बी एवढं करत न्हाईत. पुढच्या जन्मी म्या स्लॅबच होतो."

"स्लॅबला लीव्ह नसते," मी म्हटलं. त्याने लगेच विचार बदलला.

*

मिक्सरची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तर आतलं काँक्रीट घट्ट होतं. त्यात साखर टाकली की घट्ट होणं थांबतं, म्हणून आमचा ड्रायव्हर बबन केबिनमध्ये पाच किलोची पिशवी ठेवतो. अल सद्दच्या साइटवर गार्डने विचारलं, "ये क्या है?"

"शक्कर. काँक्रीट के लिये."

गार्डने गेट बंद केलं. अर्धा तास बबनने केमिस्ट्री समजावली. शेवटी कंटाळून म्हणाला, "चाय के लिये."

"तो पहले बोलना था!" म्हणत गार्डने गेट उघडलं.

*

एका शुक्रवारी सुभाषला ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. मी ताटात वाटीने शिऱ्याची मूद पाडली. ओलं काँक्रीट किती खचतं ते लॅबमध्ये मोजतात, तसं सुभाषने शिऱ्याला बोट लावून मोजलं. "पाणी जास्त झालंय, ताई."

"मम्मा, इट फेल्ड," माझा मुलगा म्हणाला.

रीटेस्टच्या नावाखाली सुभाषने दोनदा वाढून घेतला.

*

अठ्ठाविसावा दिवस. सुभाषने क्यूब मशीनमध्ये ठेवला. काटा शेवटच्या आकड्याला टेकला, मशीन थांबलं, पण क्यूबला चरासुद्धा नाही. मग त्याने हळूच माझ्याकडे कबूल केलं. धास्तीपोटी क्यूब भरताना त्याने सिमेंटच्या ओंजळी जास्त घातल्या होत्या. मला राग आला आणि वाईटही वाटलं.

"टूटा नहीं तो रिझल्ट नहीं," कुरियनसाहेब म्हणाले. "रिझल्ट नहीं तो लीव्ह नहीं."

विमान दुसऱ्या दिवशी होतं. सुभाषने क्यूब खांद्यावर घेतला, ऑफिसच्या गच्चीवर गेला, खालच्या गाड्या हलवायला लावल्या आणि क्यूब सोडला.

आम्ही धावत खाली गेलो. क्यूब शाबूत होता. पार्किंगच्या काँक्रीटला मात्र हातभर भेग पडली होती. ते काँक्रीट आमच्याच प्लांटचं होतं आणि ते पास केल्याची सही कुरियनसाहेबांची.

सुभाषने शांतपणे रिपोर्टचा कागद पुढे केला. "साब, क्यूब तो नहीं टूटा. पार्किंग का रिझल्ट किधर लिखूं?"

साहेबांनी लीव्हच्या फॉर्मवर सही केली, "यल्ला, जाओ," म्हणाले आणि स्वतःची गाडी आणून त्या भेगेवर लावली.