तू कुठी बसून होती?

माझ्या सासूबाईंना कुणी काही सांगायला लागलं, की त्या आधी विचारायच्या, "तू कुठी बसून होती तवा?" शेजारचं भांडण असो, नाहीतर कुणाच्या सुनेची कागाळी, सांगणाऱ्याने ते कुठून पाहिलं हे त्यांना आधी हवं असायचं. नरखेडकडच्या त्यांच्या गावात त्यांनी तंटामुक्ती समितीत बरीच वर्षं काढली होती. नागपुरात आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा संत्र्याची बाग मागे राहिली, हा प्रश्न तेवढा सोबत आला. सुरुवातीला मला त्याचा जाम राग यायचा.

मग माझी कादंबरी आली. ती सांगणारी एक सून आहे: मत्सरी, आपमतलबी आणि अट्टल खोटारडी. सासूने छळल्याचं ती पानोपानी सांगते. ती थापा मारतेय हे वाचकाने हळूहळू ओळखायचं, असा माझा बेत. पण आमच्या कॉलनीत तो कुणाच्या लक्षातच आला नाही. "बिचारीने किती सोसलं," म्हणत बायका माझ्याकडे कणवेने बघू लागल्या आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, भिशीला बोलावणं बंद झालं. कामठीहून माझी नणंद मंदा तरातरा आली. "पुस्तक मागे घे वहिनी. माह्या आईचं नाव खराब केलं तू."

मी पार ढेपाळले. नवी आवृत्ती काढू नका, असं प्रकाशकांना कळवायचं ठरवलं आणि तसं आईंना सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांनी तोवर पुस्तक उघडलं नव्हतं.

"थांब वं. मले वाचू दे पहिले," त्या म्हणाल्या.

आठवडाभर त्या अंगणात पुस्तक घेऊन बसल्या. मध्येच "लबाड कुठली" म्हणून ते मिटायच्या आणि लगेच पुन्हा उघडायच्या. संपल्यावर त्यांनी मंदाला बोलावून घेतलं.

"हे पोट्टी पहिले म्हणते, सासूनं उपाशी ठेवलं. मंग स्वतःच सांगते, सासूनं केलेला वडाभात कुत्र्याले टाकला. समितीपुढं आली असती तर मी तिले तिथंच धरलं असतं."

"मंग असल्या बाईचं वाचाव काहून?" मंदा म्हणाली.

"राग येते वं तिचा, पण सोडवत नाही. चांगली बाई सांगत असली की आपण डुलक्या घेतो. हिच्यावर नजर ठेवा लागते. अन् खोटं बोलता बोलता तिची भीती दिसते, की आपल्याले कोणी आपलं म्हणणार नाही. लग्न झाल्यावर तू पण फोनवर तुह्या सासूचं असंच सांगे. म्हणून मी तुले टाकून देलं काय?"

मंदाने आईच्या मांडीवरचं पुस्तक वाचायला मागून घेतलं.

पुढच्या भिशीला आई न बोलावता गेल्या. "त्यातली सासू मी नाही," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "अन् असती तरी तुम्ही सांगणारीले एका शब्दानं विचारलं नाही." एवढं बोलून त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. त्यांच्या मागोमाग आलेली मी दारात उभी होते. इतका अभिमान मला माझ्या पुस्तकाचाही कधी वाटला नाही.

नवी आवृत्ती निघाली. पुढे परीक्षणंही आली, पण आईंसारखं वाचणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

त्या जाऊन वर्ष होत आलं. आता सासूचं कौतुक सूनच करतेय म्हटल्यावर तुम्ही ते सहज खरं मानू नये. त्यांनीही मानलं नसतं, आधी विचारलं असतं.

विचारा, आई. शेवटी मी तुमच्या उशाशी बसून होते.