तोबऱ्यातला रंगरूट

निजाम सरकारच्या रिसाल्यात मी सवार होतो. मोठ्या लढाईच्या आधी, एका उन्हाळ्यात, आमच्या ट्रूपच्या एका तुकडीचं पोस्टिंग केजला झालं. काम सडकेच्या गस्तीचं, मुक्काम गावाबाहेरच्या आमराईत. माझं गाव सिरसाळा, म्हणजे घर जवळच. पण रजा मिळत नव्हती, आणि मी मागितलीही नाही. त्या वयात बसायला घोडी आणि शेजारी चांगला सोबती असला की बाकी काही लागत नाही.

सोबती म्हणजे गुलाब खान, तलवाड्याचा. घोड्यांच्या लाइनमध्ये त्याचा घोडा माझ्या घोडीच्या, मैनेच्या, शेजारी. आमचे प्रमुख दफादार मुंजाजी. कडक आणि कमी बोलणारे. त्यांची एक स्टँडिंग ऑर्डर होती : लाइनच्या टोकाला जी चिंच आहे, तिच्याखाली जायचं नाही. चिंचेवर आग्या मोहोळ लटकत होतं, सुपाएवढं. आग्याच्या माश्या उठल्या तर बैलसुद्धा जागेवर मरतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

एके दुपारी मोठी वावटळ येऊन गेली. आंब्याच्या काटक्या, पानं, कुणाची तरी लुंगी, सगळं उडालं. वारा थांबल्यावर मी मैनेच्या तोंडाला तोबरा बांधायला गेलो. दाण्याची ती पिशवी सकाळपासून फांदीला लटकत होती. मैनेनं तोंड घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"काय झालं बे?" गुलाब खाननं विचारलं.

"खाईना."

"दाण्यात इंचू असंल. वत खाली."

मी तोबरा झुलीवर उलटा केला. हरभऱ्यासोबत बोटाएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं काहीतरी पडलं.

"उंदीर हाय," मी म्हणालो.

"उंदराला पट्टे असत्यात का? खारीचं पिल्लू हाय ते. अन् जित्तं हाय!"

वर पाहिलं. फांदीच्या बेचक्यातलं घरटं वाऱ्यानं फाटलं होतं. आम्ही पिल्लू आंब्याच्या बुंध्याशी ठेवलं आणि लांब उभे राहिलो. आई येईल, घेऊन जाईल. ती आली नाही. मुंग्या आल्या. तेव्हा गुलाब खाननं पिल्लू उचललं, फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि ते सदऱ्याच्या आत छातीशी धरलं.

दूध पाजणं म्हणजे परीक्षा होती. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून तोंडाशी धरली, तर दूध नाकातून बाहेर आलं. पिल्लू निळं पडलं. गुलाब खाननं ते पालथं केलं आणि पाठीवर बोटानं थोपटत राहिला. मग पिल्लू शिंकलं. इतकी बारीक शिंक मी पुन्हा ऐकली नाही. आम्ही दोघं असे ओरडलो की गार्डवरचा सवार भाला घेऊन धावत आला.

दफादारही आले.

"गुलाब खान, सदऱ्यात काय हाय?"

"रंगरूट, दफादार."

"कवायत येती का त्याला?"

"डोळे उघडले की शिकवतो."

दफादार निघून गेले. त्यांना पोटाच्या त्रासामुळे रोज शेळीचं दूध लागायचं. दुसऱ्या दिवसापासून त्यातलं अर्धं आमच्याकडे येऊ लागलं. कुणी पाठवलं, हे आम्ही विचारलं नाही.

तुकडीतला हा नवा भरती, रंगरूट, वाढला. गस्तीवर तो गुलाब खानच्या खिशात असे. अंगावर लव आली, पट्टे काळेभोर उठले. गस्तीवरून परतणारा प्रत्येक सवार घोड्यावरून उतरायच्या आधी विचारायचा, "उघडले का डोळे?" ज्या सकाळी उघडले, त्या सकाळी खरारा अर्धवट टाकून सगळी तुकडी गोळा झाली. मग तो सवारांच्या पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून पटक्यावर पळायला शिकला.

अशात रिसालदार साहेबांच्या इन्स्पेक्शनची खबर आली. त्या दिवशी घोडे चकचकीत, भाले एका रांगेत. आमचे सात-आठ घोडे अजून अगाडी-पिछाडीच्या दोरांनी बांधलेले, बाकीचे खोगीर चढवून तयार. सडकेवर धूळ दिसली आणि बिगुल वाजला. नेमका रंगरूट गुलाब खानच्या खांद्यावर होता. बिगुलाच्या आवाजानं तो दचकला, उडी मारून पळाला, आणि चढला तो थेट चिंचेवर.

उंच गेला आणि तिथं चिकटून बसला. खाली उतरायला त्याला येतच नव्हतं. चिक चिक चिक, एकसारखं ओरडणं.

"गप बस रे," गुलाब खान पुटपुटला. कारण वर शिक्रा घिरट्या घालत होता.

दफादार म्हणाले, "कुणी जायचं न्हाई. ऑर्डर हाय."

"दफादार, माझ्या पोराला न्हेईल त्यो."

दफादारांनी एकदा सडकेकडे पाहिलं, एकदा वर. "जा. हळू. फांदी हालवू नको."

मी मैनेला चिंचेखाली उभं केलं. गुलाब खान खोगिरावर उभा राहिला, फांदी धरली आणि मांजरासारखा वर गेला. मोहोळ त्याच्यापासून दोन हातांवर. त्यानं हात पुढं केला. रंगरूट एक पाऊल सरकला. अजून एक. तो बोटांवर आला आणि त्याच क्षणी शिक्रा सुटला. गुलाब खाननं मूठ छातीशी ओढली. शिक्र्याचा नेम चुकला आणि पंख मोहोळाला घासला.

आधी घुमघुम. मग आभाळ काळं.

"घोडे सोडा!" दफादार गरजले. "दोर कापा! वाऱ्याच्या तोंडाला पळा!"

तलवारी निघाल्या, अगाड्या-पिछाड्या तुटल्या. घोडे उधळले. मी मैनेवर मांड टाकून तिला जागेवर धरून होतो. ती थरथरत होती, माश्या डसत होत्या, माझ्या मानेवर जणू निखारे पडत होते.

"उडी टाक बे!" मी ओरडलो.

गुलाब खान माझ्या मागे खोगिरावर आदळला. मी लगाम सैल सोडला. मैना त्या दिवशी पळाली तशी कधीच पळाली नाही. लंगरच्या आचाऱ्यानं चुलीवर ओलं गवत टाकून धूर केला होता. आम्ही त्या धुरातून आरपार गेलो, बांध ओलांडला, नांगरट तुडवली. भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त आनंद होता. मागे गुलाब खान मोठमोठ्यानं हसत होता आणि ओरडत होता, "हाय! जित्ता हाय!"

रिसालदार साहेबांना असं इन्स्पेक्शन कधी मिळालं नसेल. आम्ही पुन्हा फॉल-इन झालो तेव्हा कुणाचा डोळा बंद, कुणाचा ओठ सुजलेला. साहेब रांगेपुढून चालत आले.

"जवान?"

"सब हाजिर, हुजूर," दफादार म्हणाले.

"घोडे?"

"सब मिले, हुजूर."

साहेब गुलाब खानपुढं थांबले. त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. गळपट्टीतून एक शेपटी बाहेर आली.

"ये कौन है?"

"रंगरूट, हुजूर."

साहेबांच्या मिशा हलल्या. "सख्त धूप है. रंगरूट को छाँव में रखो."

गुलाब खानला आणि मला जादा गार्ड ड्यूटी लागली, दफादारांनाही बोलणी खावी लागली. पावसाळ्यात रंगरूट आंब्यावर राहू लागला. आधी हाक मारली की यायचा. मग येईनासा झाला, आणि गुलाब खान त्यावर खूश होता.

लढाई लागली तशी आमची रवानगी दर्यापार, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात झाली. दफादार मुंजाजी तिथं तापानं गेले. शेवटपर्यंत घोड्यांना पाणी मिळालं का, एवढंच विचारत होते. गुलाब खान त्यानंतर एका सकाळच्या गस्तीत गेला. गोळी मानेत लागली. मी शेजारीच होतो. काही बोलायला त्याला वेळ मिळाला नाही. वाळूत दगड मिळेनात, म्हणून आम्ही त्याच्या कबरीच्या उशाशी भाल्याचा बांबू रोवला.

परत आल्यावर मी आधी तलवाड्याला गेलो. त्याची आई दारात ज्वारी निवडत होती. तिला खबर आधीच पोचली होती. मी लढाईचं सांगणार होतो, तिनं हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे, बाबा. त्या दिवशी जेवला व्हता का त्यो?"

"व्हय, अम्मा," मी म्हणालो. "रोटी अन् खजूर. गस्तीच्या आधी, माझ्याच ताटात."

ती खरी गोष्ट होती. तिनं मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.